ज्याचे त्याला देणे : ग्रीक न्यायविचार आणि आपला जिल्हा

न्याय म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण चटकन उत्तर देतील : ज्याचे त्याला द्यावे, म्हणजे न्याय. भाऊबंदांतील वाटणी असो, बांधावरून झालेले भांडण असो, की परीक्षेतील गुण असोत, तक्रारीचे मूळ एकच असते. जे माझे होते ते मला मिळाले नाही. परंतु 'माझे' म्हणजे नेमके काय, ते कोणत्या मापाने मोजायचे आणि ते माप कोणी ठरवायचे, एवढे तीन प्रश्न पुढे आले की हेच सोपे उत्तर अवघड होऊन बसते.

पाश्चात्त्य परंपरेत या अवघड प्रश्नाचा सलग विचार प्रथम ग्रीकांनी केला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात आपण तो विचार शिकतो. प्लेटोची व्याख्या, ॲरिस्टॉटलचे न्यायाचे प्रकार पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत लिहून मोकळे होतो. पण ज्या सॉक्रेटिसापासून ही चर्चा रंगली, त्याची पद्धत पाठांतराची नव्हती. कोणी व्याख्या दिली की तो लगेच एखादे उदाहरण पुढे करी आणि त्या कसोटीवर व्याख्या टिकते का ते पाही. प्रस्तुत लेखात हीच पद्धत अवलंबिली आहे. ग्रीकांच्या प्रमुख व्याख्या क्रमाने मांडाव्यात आणि प्रत्येक व्याख्या चौक, कर्जत, खालापूर आणि एकूण रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील) एखाद्या घटनेवर घासून पाहावी, असा हा प्रयत्न आहे.

शब्दाचा विचार

ग्रीक भाषेत न्यायासाठी मुख्यतः दोन शब्द आढळतात. 'दिके' आणि 'दिकायोसिने'. 'दिके' हा शब्द 'दाखविणे' या अर्थाच्या धातूपासून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्या संस्कृतातील 'दिश्' हा धातू त्याच कुळातला, आणि त्यावरूनच 'दिशा' हा शब्द झाला. तेव्हा दिके म्हणजे दाखवून दिलेली वाट, रीत. पुढे निवाडा, आणि शेवटी दंड असाही अर्थ त्याला आला. आपला 'न्याय' शब्द पारंपरिक व्युत्पत्तीत 'नी' म्हणजे नेणे या धातूशी जोडला जातो. एका शब्दात वाट दाखविणे आहे, दुसऱ्यात वाटेने नेणे आहे. हे साम्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'दिकायोसिने' मात्र केवळ कोर्टातील न्याय नव्हे. माणसाने इतरांशी नीट वागण्याचा जो गुण, त्याला हे नाव आहे. आपल्याकडील 'धर्म' शब्दाची काही छटा त्यात आहे. म्हणूनच प्लेटो न्यायाची चर्चा करता करता शिक्षण, काव्य, विवाह आणि आत्म्याची रचना यांवर बोलू लागतो, तेव्हा तो विषय सोडून गेला असे समजू नये.

प्राचीन कवी हेसिअड याने दिकेला झ्यूस या देवाची कन्या मानले. त्याचा भाऊ पर्सिस याने वडिलार्जित मिळकतीत जास्त हिस्सा बळकावला आणि लाच खाणाऱ्या सरदारांनी तसा निवाडा दिला, अशी हेसिअडची तक्रार आहे. पशुपक्षी एकमेकांना खातात, कारण त्यांच्यात दिके नाही. माणसाला ती मिळाली आहे, असे तो म्हणतो. म्हणजे ग्रीक न्यायविचाराचा जुना आधार एका शेतकऱ्याच्या वाटणीच्या भांडणात सापडतो. आपल्या गावातील वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

सोलोन : ऋण मोठे की माणूस

तत्त्वज्ञांच्या आधी एका राज्यकर्त्याचा विचार करणे आवश्यक आहे. इसवी सनापूर्वी ५९४ च्या सुमारास अथेन्समध्ये सोलोन याच्या हाती सत्ता आली. त्या वेळची स्थिती ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात वर्णिली आहे. जमीन थोड्यांच्या हाती होती. गरीब लोक 'सहाव्या हिश्श्याची' कुळे म्हणून राबत. खंड थकला की कुळालाच नव्हे, तर त्याच्या मुलाबाळांनाही धरून नेता येई, कारण कर्जाला तारण म्हणून माणसाचे शरीरच लिहून दिलेले असे.

सोलोनने कर्जे रद्द केली, गहाण जमिनीतील खुणेचे दगड उपटले आणि माणसाच्या देहाच्या तारणावर कर्ज देण्यास बंदी घातली. ग्रीकांनी या कृतीला 'ओझे झटकून टाकणे' अशा अर्थाचे नाव दिले. जमिनीची फेरवाटणी मात्र त्याने केली नाही, त्यामुळे गरीबही नाराज राहिले आणि श्रीमंतही.

आता आपल्या भागाकडे वळू. कर्जत व खालापूर तालुक्यांत ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. पावसाळा संपत आला की घरातले धान्य सरते. मग सावकाराकडून वा मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर वीटभट्टीवर राबून ती फेडायची, हे चक्र रायगडमधील कातकऱ्यांच्या पिढ्यांनी पाहिले आहे. हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो आणि फिटता फिटत नाही. आपल्या देशात वेठबिगार रद्द करणारा कायदा १९७६ साली झाला. सोलोनच्या बंदीनंतर सुमारे अडीच हजार वर्षांनी! माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी या भागातील शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, त्यामागेही हाच विचार होता : पोटासाठी घेतलेल्या धान्यापायी माणूस बांधला जाऊ नये. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले, हे आपण जाणतोच. त्यांचे धान्यकोठ्यांचे काम मात्र त्या मानाने कमी सांगितले जाते.

पहिली व्याख्या : घेतलेले परत करणे

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून प्लेटोचा 'रिपब्लिक' हा संवाद उघडावा. आरंभीच सेफालस नावाचा सधन वृद्ध व्यापारी भेटतो. त्याच्या मते खरे बोलणे आणि ज्याचे घेतले त्याला परत करणे, म्हणजे न्याय. सॉक्रेटिस एकच उदाहरण देतो. मित्राने शुद्धीवर असताना शस्त्र ठेवायला दिले आणि वेड लागल्यावर परत मागितले, तर ते द्यावे काय? कोणीही 'देऊ नये' असेच म्हणेल. म्हणजे देणे फेडणे ही गोष्ट नेहमीच न्याय्य ठरत नाही.

सेफालसचा मुलगा पोलेमार्कस व्याख्या दुरुस्त करतो : मित्राचे भले करावे, शत्रूचे वाईट करावे. सॉक्रेटिसचे उत्तर असे की, घोड्याला इजा केली तर घोडा अधिक वाईट होतो. तसेच माणसाला इजा केली तर तो माणूस म्हणून अधिक वाईट होतो. न्याय हा चांगुलपणा असेल तर तो कोणाला अधिक वाईट कसा करील? येथे सॉक्रेटिस सूडाची सारी परंपरा बाजूला सारतो. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

सेफालसची व्याख्या कातकऱ्याच्या उचलीला लावून पाहावी. मुकादम म्हणतो, 'घेतलेस ते फेड.' वाक्य न्यायाचेच आहे. पण घेतलेले किती, फेडलेले किती, आणि ज्या अटीवर घेतले ती अट माणसाने मान्य करण्यासारखी होती काय, हे प्रश्न त्या वाक्यात झाकले जातात. सधन व्यापाऱ्याला ही व्याख्या पुरेशी वाटली, यात नवल नाही. देणेकऱ्याच्या बाजूने ती कधी तपासली गेलीच नव्हती.

दुसरी व्याख्या : बळी तो कान पिळी

त्यानंतर थ्रॅसिमॅकस हा वक्ता चर्चेत उडी घेतो. त्याच्या मते न्याय म्हणजे बलवंताचे हित. जो सत्तेवर असतो तो आपल्या सोयीचे कायदे करतो आणि ते पाळणाऱ्याला न्यायी म्हणतो. आपली 'बळी तो कान पिळी' ही म्हण हेच सांगते. फरक इतकाच की म्हणीत तक्रारीचा सूर आहे, थ्रॅसिमॅकसच्या बोलण्यात समर्थनाचा.

सॉक्रेटिसची उत्तरे दोन. एक, प्रत्येक विद्या आपल्या विषयाचे हित पाहते. वैद्यकी रोग्याचे हित पाहते, वैद्याचे नव्हे. तसे राज्य करणे हीही विद्या असेल तर तिने प्रजेचे हित पाहिले पाहिजे. दोन, चोरांच्या टोळीलाही आपापसात वाटणी नीट करावी लागते; सर्वस्वी अन्यायी माणसांना एकत्र कामही करता येत नाही. यातील पहिले उत्तर थ्रॅसिमॅकसला पटत नाही. मेंढपाळ मेंढ्यांना चारतो तो मेंढ्यांच्या हितासाठी काय, असे तो कुत्सितपणे विचारतो.

कुलाबा जिल्ह्यातील खोतीचा इतिहास वाचला की थ्रॅसिमॅकसचे म्हणणे खोडून काढणे किती अवघड आहे ते समजते. खोत हा सरकार आणि कूळ यांमधला दुवा. खंड किती, कोणत्या झाडाचे उत्पन्न कोणाचे, वेठ किती दिवस, हे सारे वहिवाटीने आणि कागदाने ठरलेले. कागद लिहिणारा खोताच्या बाजूचा, अंगठा कुळाचा. कायदा मोडला असे कोणी म्हणू शकत नव्हते. तक्रार होती ती त्या कायद्याविषयीच. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी जमीन कसण्याचेच नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेते ओस ठेवून कुळांनी हाल सोसले. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली कूळसंरक्षणाचा कायदा झाला. १९४८ चा कूळ कायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा त्यानंतर आले. १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कसेल त्याची जमीन हे तत्त्व अमलात आणण्याचा प्रयत्न झाला.

चरीच्या कुळांनी थ्रॅसिमॅकसला दिलेले उत्तर सॉक्रेटिसच्या दोन्ही उत्तरांपेक्षा वेगळे आहे. कायदा बलवंताच्या सोयीचा असतो हे त्यांनी अनुभवाने मान्य केले, आणि तरीही 'हा अन्याय आहे' असे म्हटले. कायदा आणि न्याय एकच असते तर 'अन्यायी कायदा' हे शब्द निरर्थक ठरले असते. ते निरर्थक नाहीत, हे निरक्षर कुळालाही कळत होते.

प्लेटोचे उत्तर : ज्याचे काम त्याने करावे

ग्लॉकन हा प्लेटोचा भाऊ संवादात एक दंतकथा सांगतो. गायजीसच्या पूर्वजापाशी, एका मेंढपाळापाशी, एक अंगठी होती; ती बोटात फिरविली की माणूस अदृश्य होई. अशी अंगठी मिळाली तर न्यायी माणूसही न्यायाने वागेल काय? लोक न्याय पाळतात ते केवळ पकडले जाण्याच्या भीतीने, असे ग्लॉकनचे म्हणणे. या आव्हानाला उत्तर देण्यासाठी प्लेटो संपूर्ण आदर्श नगराची रचना करतो.

त्या नगरात तीन वर्ग आहेत. विवेकाने राज्य चालविणारे शासक, धैर्याने रक्षण करणारे सैनिक, आणि शेती, कारागिरी, व्यापार करणारे उत्पादक. माणसाच्या आत्म्यातही असेच तीन भाग : विवेक, आवेश आणि वासना. प्रत्येक वर्गाने, तसेच प्रत्येक भागाने, आपापले काम करावे आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, हाच न्याय. अशा मनुष्याच्या अंतरंगात सुसंवाद असतो. म्हणून अंगठी मिळाली तरी तो अन्याय करणार नाही. अन्याय हा आत्म्याचा रोग आहे आणि रोगी होणे कोणाला आवडेल?

प्लेटोचे मोठेपण येथेच आहे. न्यायाचा संबंध त्याने बाहेरच्या दंडाशी न ठेवता माणसाच्या आतील आरोग्याशी जोडला. स्त्रियांनाही शासकवर्गात स्थान द्यावे, असे पाचव्या भागात सांगणारा विचारवंत त्या काळात विरळाच. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. कोणाच्या घडणीत सोने, कोणाच्या चांदी, कोणाच्या लोखंड व पितळ मिसळले आहे, अशी जी कथा नागरिकांना सांगायची, तिच्यातच लोखंडाच्या घरी सोन्याचे मूल जन्मले तर त्याला वर न्यावे, असा नियम आहे. म्हणजे प्लेटोचे वर्ग निदान तत्त्वतः जन्मावर आधारलेले नाहीत.

परंतु प्रश्न उरतोच. कोणाच्या अंगी कोणता धातू, हे कोणी पाहायचे? प्लेटोचे उत्तर : शासकांनी. उत्पादकवर्गाला त्याविषयी विचारावे, असे त्याला कोठेही वाटत नाही.

महाडची कसोटी

याच ठिकाणी डॉ. आंबेडकरांची टीका महत्त्वाची ठरते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी जातिनिर्मूलनावरील भाषण तयार केले. मंडळाला त्यातील मते झेपली नाहीत, अधिवेशन रद्द झाले आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी चातुर्वर्ण्य आणि प्लेटोचे आदर्श नगर यांची तुलना केली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : माणसांच्या प्रवृत्ती असंख्य आहेत, त्यांना तीन किंवा चार कप्प्यांत कायमचे बसविणे म्हणजे माणसाचे अत्यंत वरवरचे ज्ञान दाखविणे होय. असे कप्पे टिकवायचे तर दंडाचा धाक लागतोच. आणि जातिव्यवस्थेत श्रमाची विभागणी होत नाही, तर श्रमिकांचीच होते.

ही टीका केवळ ग्रंथातून आलेली नव्हती. तिच्यामागे आपल्याच जिल्ह्यातील महाडचा अनुभव होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. तळ्यावर जनावरे पाणी पीत होती; माणसांना मनाई होती. 'ज्याचे काम त्याने करावे' ही व्याख्या येथे लावली तर मनाई करणारेच न्यायी ठरतात, कारण प्रत्येकाला 'आपल्या जागी' ठेवण्याचेच काम ते करीत होते. एखादी व्याख्या असा निष्कर्ष देत असेल तर दोष व्याख्येत आहे, असे म्हणणे भाग पडते.

पुढची घटना सॉक्रेटिसची आठवण करून देणारी आहे. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला. तत्त्वचर्चा सोडून दे असे सांगितले तर मी ऐकणार नाही, असे त्याने न्यायाधीशांना बजावले. त्याआधी तीस जुलमी शासकांनी एका निरपराध माणसाला पकडून आणण्यास सांगितले, तेव्हाही तो सरळ घरी निघून गेला होता. पण मृत्युदंडानंतर क्रिटो हा मित्र तुरुंगातून पळून जाण्याची व्यवस्था करून आला, तेव्हा मात्र सॉक्रेटिसने नकार दिला. अन्यायाची परतफेडही अन्यायाने करू नये, हे त्याचे कारण होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसऱ्यांदा सत्याग्रह करण्यासाठी हजारो लोक जमले असता कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. त्याच परिषदेत, २५ डिसेंबर रोजी, विषमतेचा आधार म्हणून मनुस्मृतीचे दहन झाले; परंतु कोर्टाचा हुकूम मानून तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करण्यात आला. रूढीला नकार आणि न्यायालयाला मान, ही दोन्ही एकाच परिषदेत दिसतात. दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

विशेष म्हणजे, प्लेटोच्याच एका संवादात या प्रश्नाचे दुसरे उत्तर आहे. ते प्रोटागोरस या विचारवंताच्या तोंडी आहे. माणसे एकमेकांचा नाश करू लागली तेव्हा झ्यूसने हर्मीसबरोबर 'लाज' आणि 'न्याय' हे दोन गुण पाठविले. हर्मीसने विचारले, वैद्यकीसारख्या कला जशा थोड्यांना दिल्या तसे हे गुणही थोड्यांना द्यायचे, की सर्वांना? झ्यूस म्हणाला, सर्वांना. ते थोड्यांपाशीच राहिले तर नगरे उभीच राहणार नाहीत. वैद्य गावात एक असला तरी चालतो. न्यायाची जाण मात्र प्रत्येकापाशी हवी. महाडच्या तळ्याकाठी जो हक्क मागितला गेला, त्याला या कथेचा आधार 'रिपब्लिक'पेक्षा अधिक शोभतो.

ॲरिस्टॉटल : मापाचा प्रश्न

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने 'निकोमॅकियन एथिक्स' ग्रंथाच्या पाचव्या भागात न्यायाचे विश्लेषण केले आहे. व्यापक अर्थाने न्याय म्हणजे इतरांशी वागतानाचा संपूर्ण सद्गुण. मर्यादित अर्थाने त्याचे दोन प्रकार. पहिला वाटपाचा न्याय : मान, धन, जबाबदारी यांचे वाटप योग्यतेच्या प्रमाणात व्हावे. दुसरा भरपाईचा न्याय : एकाने दुसऱ्याचे नुकसान केले तर व्यक्ती कोण हे न पाहता, जास्त झालेल्या बाजूकडून काढून कमी झालेल्या बाजूला द्यावे. न्यायाधीश जणू रेघेचे दोन सारखे भाग करतो. म्हणून 'न्याय्य' या शब्दाचा संबंध ॲरिस्टॉटल 'दोन भाग' या अर्थाच्या शब्दाशी जोडतो.

वाटपात खरी अडचण 'योग्यता' कशी ठरवावी ही आहे, आणि हे ॲरिस्टॉटलने प्रामाणिकपणे मान्य केले. लोकशाहीवादी स्वतंत्र नागरिकत्व पाहतात, धनिकशाहीवादी पैसा पाहतात, इतर कोणी गुण पाहतात. त्याचे बासरीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. उत्तम बासऱ्या कोणाला द्याव्यात? कुलीनाला नव्हे, श्रीमंताला नव्हे. जो उत्तम वाजवितो त्याला. म्हणजे माप हे वस्तूच्या उपयोगातून निघाले पाहिजे.

हेच माप पाण्याला लावून पाहावे. चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या ते शेतकरी येथले. ज्यांच्या नळाला पाणी येते ते शहरातले. पाणी कशासाठी? पिण्यासाठी, जगण्यासाठी, पिकासाठी. तहान दोघांचीही सारखीच आहे, पण त्याग एकाने केला आहे. लोकसंख्या हे माप धरले तर शहराचा हिस्सा मोठा ठरतो. त्याग हे माप धरले तर प्रकल्पग्रस्तांचा. ॲरिस्टॉटल आपल्याला तयार उत्तर देत नाही. मात्र कोणत्या मापाने वाटता आहात ते उघड सांगा, असे म्हणण्याचे साधन तो देतो.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे 'पॉलिटिक्स'मध्ये त्याने लिहिले. योग्यतेच्या प्रमाणात वाटप सांगणाऱ्या विचारवंताने माणसांचा एक मोठा समूह वाटपाच्या बाहेरच ठेवला. गुलामाचे म्हणणे त्याने ऐकले असते तर हे प्रकरण त्याला वेगळे लिहावे लागले असते.

शिशाची पट्टी

याच ग्रंथात ॲरिस्टॉटलने एक अत्यंत उपयुक्त कल्पना मांडली आहे. तिला आपण 'औचित्य' म्हणू. कायदा नेहमी सर्वसामान्य शब्दांत लिहिला जातो. घटना मात्र एकेकटी घडते. म्हणून कायदा जेथे उणा पडतो तेथे, खुद्द कायदा करणारा हजर असता तर त्याने काय म्हटले असते, हे पाहून दुरुस्ती करावी. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरीत. ती ताठ न राहता दगडाच्या आकाराप्रमाणे वळे. औचित्य हे अशा पट्टीसारखे असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही वाडी चौकपासून दूर नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. संभाव्य दरडग्रस्त ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे शासनातर्फे तेव्हा सांगण्यात आले. वाचलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी चौकजवळ घरे बांधण्याचे काम हाती घेण्यात आले.

या घटनेला ॲरिस्टॉटलचा भरपाईचा न्याय लागू पडत नाही, कारण या नुकसानीतून कोणाचा नफा झालेला नाही. कोणाकडून काढून कोणाला द्यावे? वाटपाचा न्याय लागू पडतो, पण तोही अपुरा ठरतो. प्रत्येक कुटुंबाला एक घर हे वाटप समान खरे. परंतु ज्या घरातील सर्व माणसे वाचली आणि ज्या घरातून केवळ मुले उरली, त्यांना सारखेच मिळाले म्हणजे समान मिळाले काय? डोंगरावर नाचणी-वरी पिकविणाऱ्याला रस्त्याकाठी घर मिळाले, तरी त्याचे शेत आणि रान कोठे आहे? येथे शिशाची पट्टी हवी. आणि यादी ही तर ताठ पट्टीच. यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, असे डोंगराने कधीच मानले नव्हते. उतारावर राहणाऱ्या माणसाला भेग दिसते, झरा गढूळ झालेला दिसतो. ही माहिती यादी करणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट असणे, हाही न्यायाचाच भाग आहे.

सारांश

सेफालसपासून ॲरिस्टॉटलपर्यंत सर्वांची मूळ भूमिका एकच आहे : ज्याचे त्याला द्यावे. मतभेद आहेत ते 'त्याचे' काय, याविषयी. सेफालसने वहीतले देणे पाहिले, थ्रॅसिमॅकसने सत्ता पाहिली, प्लेटोने काम पाहिले, ॲरिस्टॉटलने योग्यता पाहिली. यांपैकी प्रत्येकाने काही खरे सांगितले, आणि प्रत्येक व्याख्या आपल्या जिल्ह्यातील अनुभवाच्या दगडावर एके ठिकाणी अडखळली. उचलीखाली दबलेला कातकरी, कबुलायतीवर अंगठा देणारे कूळ, तळ्यापासून हाकललेला माणूस, यादीबाहेरची वाडी, या चौघांत एक गोष्ट समान आहे. त्यांचे काय, हे ठरविले जात असताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

ग्रीक विचारातील ही उणीव आहे, पण ती दाखविण्याचे साधनही ग्रीकांनीच दिले आहे. न्यायाची जाण थोड्यांना न देता सर्वांना वाटावी, असे प्रोटागोरसच्या कथेतील झ्यूस सांगतो. आणि व्याख्या कितीही भारदस्त असली तरी उदाहरण पुढे करून तिची परीक्षा करावी, असे सॉक्रेटिस शिकवितो. तेव्हा पुढच्या वेळी 'ज्याचे त्याला' हे शब्द ग्रामसभेत, कोर्टात किंवा वर्गात कानी पडले, तर आपण दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. कोणत्या मापाने? आणि ज्याचे आहे, त्याला विचारले काय?